नळीचं तोंड कुणाकडे

१२ जून

ढापण्या,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं तुला दिसावं म्हणून कागद बदलला नाही.

तू शाळेतली नोकरी सोडलीस तेव्हा मी ठरवलं होतं की आता भावाशी बोलायचं ते आईचं काही दुखलंखुपलं तरच. आई ठणठणीत आहे. तरी लिहितेय, म्हणजे पाणी कुठवर आलंय ते समजून घे. फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणत भलतंच काहीतरी करत असतोस. मेसेज केला तर अंगठा दाखवून मोकळा होतोस. पत्र निदान फोडावं तरी लागतं.

आज शाळेत तुझ्या डिजिटल विज्ञान खोलीचं उद्घाटन झालं. चित्रकलेचा वर्ग होता ना, तोच. बाकं काढली, खाली गालिचा घातला, भिंतीला निळा रंग फासला आणि त्यावर ग्रह चिकटवले. शनी गुरूपेक्षा मोठा आहे. सांगितलं तर तुझ्या कंपनीचा तो कोटवाला म्हणाला, "मॅडम, ते डेकोरेशन आहे." विज्ञानाच्या खोलीत विज्ञान तेवढं डेकोरेशन, बाकी सगळं खरं! समोर भिंतभर स्क्रीन, प्रत्येकाच्या हातात टॅब, आणि स्क्रीनवर उड्या मारणारा तुझा तो केस पिंजारलेला प्रोफेसर भन्नाट. बोट लावलं की ओरडतो, "भन्नाट!" पहिल्यांदा हेडसरांनी बोट लावलं. त्यांनाही तो भन्नाट म्हणाला. तेव्हाच मला तुझ्या यंत्राच्या पारखीची कल्पना आली.

मग हेडसरांचं भाषण. "आता खडूची धूळ नाही, ॲसिडचा वास नाही, फुटक्या काचा नाहीत!" टाळ्या. "आणि हे सगळं केलंय आपल्याच शाळेतल्या माणसानं!" परत टाळ्या. आपल्याच शाळेतला म्हणे. तू इथे भौतिकशास्त्र शिकवत होतास तेव्हा तुला एक धड लोहचुंबक मिळवून द्यायचं याच गृहस्थांच्या जिवावर यायचं.

आता मुद्द्याचं. भाषणाच्या शेवटी, जाता जाता सांगावं तसं त्यांनी सांगितलं की पहिल्या सत्राची परीक्षा झाली की प्रयोगशाळा बंद. ओटे तोडणार, बेसिन काढणार, गॅसच्या नळ्या उखडणार आणि तिथे दुसरी डिजिटल खोली. "प्रयोग आता स्क्रीनवरच होतील." मी शेजारच्या इतिहासाच्या बाईंकडे बघितलं. त्या टाळ्या वाजवत होत्या. त्यांचं काय जातंय, त्यांच्याकडे पानिपतही स्क्रीनवर होईल.

हेडसर माझं ऐकणार नाहीत. मी म्हणजे त्यांना जुनं खोड. तुझं मात्र कान टवकारून ऐकतात. तेव्हा त्यांना फोन कर आणि सांग, की तुझा प्रोग्राम प्रयोगशाळेच्या जोडीला आहे, तिच्या जागी नाही. तुला तसं वाटत असेल तर सांग. वाटत नसेल तर तेही मला कळव, म्हणजे शिव्या घालताना माझा गोंधळ उडणार नाही.

तुझी ताई (हे काही खोडता येत नाही)

२८ जून

ढापण्या,

उत्तर मिळालं. "पत्र मिळालं ताई, बघतो", आणि पुढे अंगठा. मी चार पानं लिहिली आणि तू अंगठा पाठवलास. शिकलेल्या माणसानं अंगठा द्यायचा, हे तुझ्या त्या नव्या जगाचं मला फार कौतुक वाटतं.

हेडसरांना फोन केला नाहीस. मी विचारलं त्यांना, आडून आडून. म्हणाले, "कालच बोलणं झालं की त्याच्याशी! दुसऱ्या खोलीचा नकाशा पाठवतोय." म्हणजे फोन झाला, फक्त विषय निराळा होता.

काल नववीचा तास घेतला तुझ्या खोलीत. घेतला म्हणजे काय, कोपऱ्यात उभी राहिले. धडा सुरू होण्याआधी स्क्रीनवर एक बाई येते. अंबाडा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, वर्गाकडे पाठ. फळ्यावर लिहिताना खडू असा किरकिरतो की दात शिवशिवावेत. आणि वळून म्हणते, "समजलं? समजलं." विचारते आपणच, उत्तर देते आपणच. मग पोरांनी तिला बोट लावायचं. ती नकाशासारखी गुंडाळली जाते, कपाटात जाते, दार धाडकन बंद होतं आणि भन्नाट उडी मारून बाहेर येतो. तिचं नाव खडूबाई.

सगळा वर्ग हसला. मग एकेक करून माझ्याकडे वळून बघितलं आणि परत हसला.

माझा अंबाडा, माझा चष्मा, आणि "समजलं? समजलं" तर माझंच. तुझ्यासोबत एकाच स्टाफरूममध्ये इतकी वर्षं डबा खाल्ला, आजारी असलास की तुझे तास घेतले, त्याचं हे चीज केलंस. आवाजही कुणाकडून तरी अगदी घोटून घेतलायस. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, गंमत असेल त्याची." तिच्या लेखी तू अजून पाळण्यात आहेस. मधल्या सुट्टीत आता सातवीची पोरंसुद्धा मला बघून हवेत बोट लावतात आणि मग एकमेकांना गुंडाळतात. चालू दे. मला गुंडाळणं इतकं सोपं नाही, हे त्यांना परीक्षेत कळेल.

तरीही विचारते, कारण माझ्यासमोर दुसरा रस्ता नाही. माझ्यावर काय दात असेल तो असो. प्रयोगशाळेनं तुझं काय वाकडं केलंय? फोन कर.

ताई

९ ऑगस्ट

ढापण्या,

तुझ्या कोटवाल्यानं आमचं प्रशिक्षण घेतलं. मी आता शिक्षिका नाही म्हणे, 'सुलभक' आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोट साफ होण्याचं औषध वाटलं. सुलभकानं शिकवायचं नसतं, मुलांना 'अनुभवाच्या दारापर्यंत' न्यायचं असतं आणि तिथे बाजूला व्हायचं असतं. मी विचारलं, दाराच्या आत काय असतं? तो म्हणाला, "स्क्रीन."

तुझ्या दुनियेत सगळं कसं छान चाललेलं असतं रे! काडी कधी विझत नाही. मिठाला ओल येत नाही. मोरचूद तापवला की दोन सेकंदांत निळ्याचा पांढरा. आमच्याकडे तो आधी तडतडतो, नळीला चिकटतो, निम्म्या पोरांचा करपून काळा होतो आणि मग त्यांना विचारावं लागतं, का रे झालं असं? हा 'का रे' तुझ्या प्रोग्राममध्ये कुठल्या बटणाखाली आहे? मला सापडला नाही, आणि मी सगळी बटणं दाबून बघितलीत.

म्हणजे मुद्दाम नव्हे. शाळा सुटल्यावर खुर्ची आणायला गेले होते त्या खोलीत, तेव्हा दाबली.

एक गोष्ट सांगते, पण शेफारून जाऊ नकोस. नववीत एक मुलगी आहे, शेवटच्या बाकावर बसते. वर्ग तिला गप्पी म्हणतो, कारण ती गप्प असते. दीड वर्षात मी तिचा आवाज हजेरीपलीकडे ऐकलेला नाही. फळ्यावर बोलावलं की खडू हातात धरून रडवेली होते. परवा तुझ्या भिंगाच्या धड्यात तिनं बोटानं मेणबत्ती पुढे सरकवत नेली. पडद्यावर उलटी ज्योत मोठी मोठी होत गेली आणि एकदम नाहीशी झाली, आणि भिंगातून बघितलं तर सुलटी. तिनं मेणबत्ती मागे नेली, पुढे आणली, परत मागे. आणि मग सगळ्या वर्गासमोर मोठ्यानं म्हणाली, "बाई, मधे ती जाते कुठे?"

मी हा धडा फळ्यावर रेघा मारून किती वर्षं शिकवतेय. मला हा प्रश्न एकाही मुलानं विचारला नव्हता.

एवढं एक तुला जमलंय. ओठ दाबून लिहितेय, पण लिहितेय. गप्पी आता रोज पुढे बसते. भन्नाटच्या गुणांत शाळेत पहिली आहे. तुझा प्रत्येक धडा तिला पाठ आहे. कुठे बोट लावायचं, काय कुठे ओढायचं, कशाला कसं धरायचं, सगळं. स्क्रीन म्हणेल ती पूर्व दिशा. तिला मी भिंग आणि मेणबत्ती घेऊन प्रयोगशाळेत नेलं तर तिनं पडदा हलवून हलवून स्वतःच ज्योत शोधून काढली. म्हणजे दोन्ही लागतं. एवढं साधं वाक्य हेडसरांना सांगायला तुझी जीभ का रेटत नाही?

परीक्षा जवळ आलीय. ओटे मोजायला माणूस येऊन गेला.

ताई

३० ऑगस्ट

हे पत्र भांडणाचं नाही. नीट वाच.

आज नववीला प्रयोगशाळेत नेलं. आठवड्याचा एक तास अजून माझा आहे. काम साधं होतं. परीक्षानळीत पाणी आणि मोरचूद घ्यायचा, चिमट्यात धरून दिव्यावर तापवायचा, विरघळला की थंड करत ठेवायचा, उद्या स्फटिक. मी दिवे लावून दिले आणि वळून बघितलं. अख्ख्या वर्गाच्या नळ्यांची तोंडं स्वतःच्या चेहऱ्याकडे. एक नाही, दोन नाही, सगळ्यांच्या! इतक्या वर्षांत एखादं धांदरट कार्टं असं करायचं, पण सगळा वर्ग एकाच कोनात, कवायत शिकवल्यासारखा, हे मी कधी पाहिलं नव्हतं. अशी किंचाळले की बाहेरून शिपाई धावत आला. दिवे विझवायला लावले.

गप्पीला विचारलं, "असं धरायला कुणी शिकवलं?" ती बिचारी गोंधळली. म्हणाली, "बाई, असंच तर असतं."

तिला घेऊन तुझ्या खोलीत गेले आणि धडा लावला. खरंच, असंच असतं. तुझ्या प्रोग्राममधल्या प्रत्येक नळीचं तोंड बघणाऱ्याकडे कललेलं आहे. कारण मला लगेच कळलं. आतला रंग बदलताना दिसावा, म्हणून तुझ्या चित्रकारांनी नळी पुढे वाकवली. दिसायला झकास दिसतं. आणि पोरांनी ते शंभर वेळा बघून हाताला लावून घेतलंय.

तू भौतिकवाला, तुला नळी म्हणजे काचेचा तुकडा. म्हणून उलगडून लिहिते. नळीतलं पाणी हळूहळू उकळत नाही. खालून एकदम वाफ होते आणि सगळं उसळी मारून तोंडातून बाहेर येतं, बंदुकीच्या गोळीसारखं. म्हणून नळीचं तोंड नेहमी भिंतीकडे. आपल्याकडे नाही, शेजाऱ्याकडे नाही, भिंतीकडे. आणि नळी हलवत राहायची. हे मी त्यांना आज दहा वेळा सांगितलं, पण मी तर खडूबाई. माझं सांगणं एका कानानं आत जातं आणि कपाटात जाऊन बसतं.

डोळ्यांसाठी चष्मे मागितले होते हेडसरांकडे. आले. थ्रीडीचे आले, तुझ्या खोलीसाठी.

भावा, प्रयोगशाळेचं राहू दे बाजूला. ती नळी फिरव. तुला ते एका दुपारचं काम असेल.

ताई

१९ सप्टेंबर

अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय. घाबरू नकोस, म्हणजे घाबरणार नाहीसच.

तुझा मेसेज समोर ठेवलाय. "ताई, स्क्रीनमधून कुणाला भाजत नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये बघू."

सोमवारी भाजलं. मी एका ओट्यावर होते, गप्पी पलीकडच्या. तिनं नळी आधी भिंतीकडे धरली होती, मी स्वतः बघितलं होतं. मग रंग बदलायला लागला आणि तिला आत बघायचं होतं. हात आपोआप वळला. मी धावले आणि नळी हातानंच उडवली. निम्मं उकळतं पाणी माझ्या मनगटावर आलं, थोडं तिच्या गालावर. डोळा वाचला. डोळ्याच्या खाली बोटभर अंतरावर भाजलंय. माझ्या हाताचं मला काही वाटत नाही, फोड आहेत, जातील. पण ती रडली नाही रे. "सॉरी बाई, सॉरी बाई" म्हणत राहिली, ते मला सहन होईना.

हेडसरांनी त्याच दिवशी प्रयोगशाळेला कुलूप लावलं. परीक्षेची वाटही पाहिली नाही. आता कसे खुशीत आहेत! "मी म्हणत होतो ना, प्रयोगशाळा धोकादायक असते!" म्हणजे तुझ्या खोलीनं शिकवलेल्या चुकीची शिक्षा माझ्या खोलीला. उफराटा न्याय. माझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका आहे आणि चौकशी होणार आहे. तज्ज्ञ म्हणून तुला बोलावलंय. हसू नकोस, खरंच तुला बोलावलंय.

ये. येऊन एवढंच सांग की प्रोग्राममध्ये नळीचं तोंड बघणाऱ्याकडे होतं आणि तुला ऑगस्टमध्येच कळवलं होतं. मला वाचव म्हणत नाही. खरं तेवढं सांग. प्रयोगशाळा त्यावरच उघडेल, नाहीतर कायमची गेली.

ताई

४ ऑक्टोबर

चौकशी होऊन तीन दिवस झाले. तू होतास तिथे, तरी लिहून काढते. तू मधे मधे बुटांकडे बघत होतास, त्यामुळे तुझं बरंच बघायचं राहून गेलं असेल.

मी सकाळी लवकर गेले होते. तुझ्या खोलीत डोकावले तर स्क्रीनवर लिहून आलेलं, 'नवीन आवृत्ती उतरवली जात आहे'. आणि एक पांढरी पट्टी पुढे सरकत होती. मी मूर्ख. म्हटलं, सरकत असेल काहीतरी.

मग सगळे जमले. हेडसर, संस्थेचे दोघे, गप्पी आणि तिची आई. आणि तू, नव्या शर्टात. मला वाटलं, ताईच्या हाताकडे एकदा तरी बघशील. पट्टी होती, दिसण्यासारखी मोठी होती. तू खुर्ची ओढून हेडसरांच्या शेजारी बसलास आणि म्हणालास, "मॅडमची तक्रार आम्ही समजू शकतो."

मॅडम! लहानपणी माझा हात सोडून रस्ता ओलांडायला घाबरणारा तू, मला मॅडम म्हणालास. ठपका, कुलूप, चौकशी हे सगळं मी गिळलं असतं. हे घशात अडकलंय.

हेडसरांनी गप्पीच्या हातात पेन दिलं. म्हणाले, "नळी कशी धरली होतीस, दाखव." तिनं पेन धरलं, टोक स्वतःच्या तोंडाकडे. "कुणी शिकवलं असं?" तिनं बोट केलं स्क्रीनकडे. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो. मीच म्हणाले, लावा तो धडा.

धडा लागला. नळीचं तोंड भिंतीकडे. वर लाल बाण. आणि भन्नाट उडी मारून म्हणाला, "नळीचं तोंड नेहमी भिंतीकडे! आपल्याकडे नाही, शेजाऱ्याकडे नाही, भिंतीकडे!"

माझं वाक्य. माझ्या पत्रातलं, शब्द न् शब्द. निदान पत्र वाचलंस, हे तरी कळलं.

मी ओरडून सांगितलं की हे काल असं नव्हतं, आज सकाळी बदललंय, वर्गातल्या बाकीच्या मुलांना बोलवा. हेडसर म्हणाले, "चाळीस मुलांना कशाला त्रास? समोर दिसतंय ना." संस्थेचे दोघे माझ्याकडे दयेनं बघत होते. तुझ्याकडे वळून मी म्हटलं, "बोल." तू म्हणालास, "सुरक्षेला आमच्याकडे पहिल्यापासून पहिलं स्थान आहे." पहिल्यापासून! निर्लज्जा, पहिल्यापासून म्हणजे सकाळी आठपासून!

पण मला तुला दाखवायचंय ते निराळंच आहे. तू त्या पोरीकडे बघितलं नाहीस. मी बघत होते. ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग हातातल्या पेनकडे. मग तिनं हळूच पेन फिरवलं, टोक भिंतीकडे केलं आणि म्हणाली, "मग माझंच चुकलं असेल." तिची आई लगेच म्हणाली, "बघा ना, हिचं लक्षच नसतं." आणि तू सुटकेचा श्वास टाकलास. मोठ्यानं. मला ऐकू आला.

मला ताकीद मिळालीय. लेखी. प्रयोगशाळा गेली. ओटे काल तोडले, धूळ अजून जिन्यापर्यंत आहे.

ताई

११ ऑक्टोबर

तुझा मेसेज आला. बारा माणसांच्या नोकऱ्या आहेत, तीन शाळा करार मोडायच्या तयारीत होत्या, लहान बाळाचे बाप आहेत कंपनीत दोघे. मानते. पोटाचं मला कळतं. पण शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतंस. "आणि ताई, तू मागितलं होतंस तेच केलं ना, नळी फिरवली." मागितल्यापेक्षा जास्तच केलंस रे. नळी सरळ केलीस आणि मला वाकडं ठरवलंस. तुझी कीव करावी असं वाटलं होतं, पण तेवढाही मायेचा ओलावा आता माझ्याकडे शिल्लक नाही. तू भित्रा आहेस. लहानपणी भित्रा होतास तेव्हा गोड दिसायचास.

आई विचारते, काय झालं तुमच्यात. तिला काही सांगितलेलं नाही. तिनं तुला पाळण्यातच ठेवावं, तिथेच तू बरा आहेस.

प्रयोगशाळेसाठी आता मी तुझ्या पाया पडणार नाही. तो विषय संपला. दुसरं सांगायचंय, आणि माझ्याकडून होत नाही म्हणून सांगतेय.

गप्पी परत शेवटच्या बाकावर गेली. काल मी घरून मोरचुदाची बाटली घेऊन गेले, बंद बाटली, हेडसरांना कळवायला हरकत नाही. गप्पीसमोर धरली आणि विचारलं, "रंग कोणता?" निळा होता, निळाशार. तिनं बाटलीकडे बघितलं. मग मान वळवून स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीन बंद होती.

तास संपल्यावर तिला थांबवलं. सगळं सांगितलं. नळी महिनोन्महिने बघणाऱ्याकडे तोंड करून होती, ती त्या सकाळी बदलली, तू चुकली नव्हतीस, तू पाहिलंस तेच होतं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण बाई, स्क्रीन कशाला खोटं बोलेल?" मी म्हटलं, स्क्रीन नाही गं, माणसं बोलतात. कोण माणसं, ते तोंडातून बाहेर पडेना. माझा भाऊ, हे शब्द त्या पोरीपुढे उच्चारायची मला लाज वाटली. तिनं माझ्या हाताच्या पट्टीवर अलगद हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ द्या बाई. होतं असं कधीकधी." समजूत घालत होती माझी! तिला वाटलं, म्हातारी बाई स्वतःला वाचवायला गोष्टी रचतेय.

माझ्यावर तिचा विश्वास नाही. आता माझ्या हातात काही नाही. तुझ्यावर बसेल, कारण ते यंत्र तू बनवलंस. तेव्हा कंपनीला कळू देऊ नकोस, हेडसरांना कळू देऊ नकोस, मला तर तोंडही दाखवू नकोस. पण तिच्याकडे जा. तिच्यासमोर बस आणि सांग, तू बरोबर पाहिलं होतंस.

खाली पत्ता लिहिलाय. तिचा आहे, माझा नाही. दुपारी चारनंतर ती घरी असते.

डॉक्टर म्हणाले, गालावरचा डाग राहील. पोरगी येता जाता आरशात बघते आणि तिला वाटतं तो तिच्या चुकीचा आहे. तो तुझा आहे. जाऊन घेऊन ये.

ताई